सांत आंतोनीचं बाळ

शाळा मी दोन इयत्तांपुरती पाहिली. तरी कोर्लईची हकिकत गावात जो तो आपल्या सोयीनं सांगतो, म्हणून मीच लिहितो.

आमच्या धरमतर खाडीचं मीठ घेऊन गेलेलं गलबत रत्नागिरीला पोचलंच नाही. मधे वादळ झालं. आठ दिवस पत्ता नाही. त्यावर माझा पोरगा हरी होता. तांडेल (गलबताचा मुख्य) पेद्रू कोर्लईचा ख्रिश्चन. त्याच्या घरी काही कळलं असेल म्हणून निघालो. अलिबागपर्यंत चालत, पुढे एसटीनं रेवदंडा. तिथं खाडी ओलांडायला तर (माणसं नेणारी होडी) मिळाली.

"कोणाकडं, बाबा?" तरवाल्यानं विचारलं.

पेद्रूचं नाव घेतलं, तसा तो खाली मान घालून वल्हवू लागला. पलीकडं लागेपर्यंत बोलला नाही.

कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. पेद्रूच्या अंगणात जाळी तशीच गुंडाळून पडलेली. त्याची बायको रोजाबाय. खबर तिलाही नव्हती. तिनं तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. जेवायला बसलो. कोनाड्यात एक लाकडी मूर्ती भिंतीकडे तोंड करून उभी दिसली. देवाची ही दशा मला बघवेना. उठलो नि सरळ केली.

रोजाबाय किंचाळली, "मामा, काय केलंत! शिक्षेला उभा केलाय त्याला!"

"देवाला शिक्षा? लाज न्हाय वाटत?"

"देव न्हाय, सांत हाय. सांत आंतोनी. हरवलेलं शोधून देतो. आळस केला की त्याच्या हातातलं देवाचं बाळ काढून घ्यायचं, तोंड फिरवायचं. माणसं घरी आली की बाळ परत."

शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, "आता आणा गलबत तुम्हीच!"

हा सांत फार जुना साधू. माणसं ऐकेनात म्हणून समुद्राकाठी जाऊन माशांना उपदेश करत बसला, असं रोजाबाय म्हणाली. हे मात्र मला पटलं. न ऐकणारी माणसं मीही पुष्कळ पाहिलीत.

"तुमच्याच हातानं फिरवा परत," रोजाबाय म्हणाली.

"मी केलेलं मोडत न्हाय."

"पेद्रूसाठी नको. हरीसाठी फिरवा."

फिरवली. मग तिनं तांदळाच्या डब्यातून अंगठ्याएवढं लाकडी बाळ काढलं.

"हे तुम्ही ठेवा. मला तो ओळखून हाय, माझं ऐकत न्हाय. तुम्ही हट्टी दिसता."

बाळ पागोट्यात बांधून गावी आलो. तीन दिवस खाडीच्या बांधावरून हललो नाही. भरती आली, ओहोटी गेली. सून जेवण आणून ठेवी, तसंच परत नेई.

चौथ्या दिवशी हरी बांधावरून चालत आला. ओठ फुटलेले, पाय अनवाणी. डोलकाठी मोडून गलबत भरकटलं, दिघीच्या खाडीत लागलं होतं. सगळे जिवंत. पेद्रू कोर्लईला उतरला होता.

पोराला पोटाशी धरलं नि तसाच निघालो. तरवाला या खेपेला सारी खाडी बडबडत होता.

रोजाबाय दारात हसत उभी. मी बाळ सांताच्या हातात बसवलं, मूर्ती सरळ केली.

"माफी तरी मागा, मामा."

मी त्याला म्हटलं, "तू भिंत बघितलीस, मी खाडी बघितली. फिटंफाट."

परतताना होडीत दोनदा हात पागोट्याकडे गेला. बाळ तिथं नव्हतं, हे ठाऊक असूनही.