मावशीच्या पगाराला दाता मिळेना

घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या वसतिगृहात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुली राहायच्या. दिवाळी झाली की आई-बाप कारखान्याच्या वाटेला लागायचे आणि पोरी आमच्याकडं सोडून जायचे. आमच्याकडं म्हणजे खरं तर वसतिगृह सांभाळणाऱ्या मावशीकडं. ती त्यांच्या उवा काढायची, ताप आला की उशाशी बसायची आणि झोपताना दाराशी आडवी व्हायची. आम्ही संस्थेवाले दिवसा ये-जा करणारे. आमच्या भरवशावर कुणी लेक ठेवली नसती.

शहरातल्या एका कंपनीनं मदत बंद केली, तेव्हा आम्ही ठरवलं की आता आपल्याच भागातल्या माणसांकडं मागायचं. शिक्षक, दुकानदार, डॉक्टर. दर महिन्याला थोडं द्या, पण नेमानं द्या. मी पत्रक लिहिलं आणि वर ठळक अक्षरांत घातलं, ‘वसतिगृहाचा एक दिवस आपला’. त्या एका दिवसाच्या खर्चात जेवण होतं, साबण होता, औषधं होती आणि मावशीचा पगारही होता. ते वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते.

लोकांनी पत्रक वाचलं आणि विचारलं, “तिथी कोनती देता?”

आमच्या भागात देणं म्हणजे जेवू घालणं, हे मी इथलीच असून विसरले होते. वडिलांचं वर्षश्राद्ध, नातवाचा वाढदिवस, दत्तजयंती असं काहीबाही निघायचं आणि जीपमधून पातेली उतरायची. माणसं स्वतः वाढायची, आग्रह करकरून वाढायची. एका रविवारी सकाळी पुरी-बासुंदी झाली आणि दुपारी दुसऱ्या घरची पुरणपोळी आली. पोरींची पोटं बिघडली. ते सगळं निस्तरलं मावशीनं, जिचा पगार आम्हाला जमत नव्हता. तक्रार तरी कुणाची करणार? वाढणाऱ्यांच्या डोळ्यांत खरी माया असायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आमच्या दात्यांत एक निवृत्त गुरुजी होते, सगळ्यांत मोकळ्या हाताचे. निदान त्यांना तरी पटेल म्हणून मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, “गुरुजी, या वर्षी पंगत नको. तेवढेच पैसे मावशीसाठी द्या.”

ते हसले. “ताई, पगाराला दान कोन म्हणन? तुमी काम चांगलं करून राह्यले, बराबर हाय. पन वडिलांच्या नावानं मी पगार वाटू का? अन्न मुखात गेलं की ते पावतं.”

“मावशी राहिली नाही तर मुली राहणार नाहीत.”

“बाई कुठं जातीय? माया लागली तिला पोरींची.” मग त्यांनी चहा मागवला, आणि मी तो प्याले. मला भयंकर राग आला होता, पण एवढ्या सज्जन माणसावर तो काढायचा कसा?

काही दिवस आम्ही आपापल्या खिशातून भागवलं. मग तेही खिसे रिकामे झाले. अशात मावशीची भावजय उसाच्या फडात आजारी पडली. ऊसतोडीला जोडी लागते, म्हणून भावानं बहिणीला बोलावलं. मावशी माझ्यासमोर उभी राहिली. “ताई, म्या न्हाई म्हनले आस्ते. पन माझं बी घर हाय. मुकादमाची गाडी आल्ती काल.” थांब म्हणायला माझ्याकडं काय होतं? पोरी तिच्या पदराला धरून रडत होत्या, आणि ती एकेकीची बोटं सोडवत होती.

फोन गेले तसे बाप आले. “मावशी न्हाई, मंग पोरगी कुनापाशी ठेवावी?” असं विचारून ते दप्तरासकट पोरींना फडाकडं घेऊन गेले. तिकडं शाळा नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

शेवटची पोर गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात जीप थांबली. गुरुजी होते. वडिलांची तिथी होती, आणि या गडबडीत त्यांना कळवायचं मी साफ विसरले होते. त्यांनी बुंदीचं पातेलं उतरवलं, पत्रावळी काढल्या आणि आत डोकावले.

“पोरी कुठंत?”

मी सांगितलं. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, “श्राद्धाचं अन्न घरी वापस नेता येत न्हाई.”

त्यांनी मुली जेवायला बसायच्या त्या ओळीत एकच पत्रावळ मांडली आणि मला बसवलं. मी जेवले. पोट भरलं तरी ते वाढत राहिले, “घ्या, ताई, घ्या,” म्हणत. मला नको म्हणता येईना.