मिस्त्रींची फळी

साइटवर पोचले की मी हेल्मेटचा पट्टा दोनदा घट्ट करते. पहिल्यांदा गरज म्हणून, दुसऱ्यांदा हातांना काहीतरी काम हवं म्हणून. ही सवय गेल्या वर्षी लागली. दिंडोरी रोडला कांदा वाळवण्याच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि मी तिथे ज्युनिअर प्रोजेक्ट इंजिनिअर होते. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. कायम होणार की नाही, हे आठ दिवसांवर आलं होतं.

माझ्याकडे वेळापत्रक होतं. कुठलं काम कधी, कुठलं ड्रॉइंग कोणाला गेलं. झालेल्या कामाची ओळ कॉम्प्युटरवर हिरवी करायची. हिरव्या ओळीशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडायचं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच, पण खड्ड्याच्या काठावर उभं राहून दहा माणसांना ऐकू जाईल असं मराठी मला येत नव्हतं. वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. मग मी साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्रॉइंगची पीडीएफ टाकायचे.

पायाचं काम बघणारे मिस्त्री कळवणकडचे, पन्नाशीचे. ड्रॉइंग हातात आलं की ते मापं प्लायच्या एका फळीवर पेन्सिलीनं उतरवायचे आणि कागद घडी घालून ऑफिसात परत करायचे.

"कागद वाऱ्यानं फाटतो, ताई. फळी कुठं जाती?"

त्या सकाळी मोठ्या ड्रायरच्या पायाचं काँक्रीट होतं. गाडी अकराला येणार होती. साडेनऊला मी रोजचे फोटो काढायला उतरले. फोटोत फळी आली. मशीन ज्यांवर बसणार त्या दोन बोल्टांमधलं अंतर तिच्यावर सहाशे मिलिमीटर लिहिलेलं होतं. मशीनवाल्यांनी ते तीन आठवड्यांपूर्वी साडेसहाशे केलं होतं. मी खड्ड्यातल्या बोल्टांना टेप लावून पाहिली. सहाशेच.

नवं ड्रॉइंग मी त्याच दिवशी ग्रुपवर टाकलं होतं. मिस्त्रींचा अंगठाही आला होता. ओळ हिरवी केली होती.

मी ऑफिसच्या दिशेनं निघाले, अर्ध्यातून परत आले, पुन्हा निघाले. मशीन यायला दोन महिने होते. आत्ता गप्प राहिले तर तोवर कायम झाल्याचं पत्र हातात पडलेलं असेल. हा विचार मी केला, आणि थोडा वेळ तो मला पटलाही. मग मिस्त्रींकडे गेले.

"ग्रुपवरचं नवीन ड्रॉइंग पाहिलं होतं का?"

"कोणतं? तुम्ही लय टाकता, ताई. आम्ही अंगठा देऊन टाकतो. तुम्हाला बरं वाटतं."

खड्ड्यातली माणसं हसली. मी टेप त्यांच्यासमोर धरली आणि नवं माप सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते माझ्या मागोमाग ऑफिसपर्यंत आले.

"सर, काँक्रीट थांबवावं लागेल," मी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांना म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोल गं. सहा महिने झाले, अजून कुजबुजतेसच."

मी पुन्हा सांगितलं. साहेबांनी आधी गाडीवाल्याला फोन लावला. गाडी भरून निघाली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रजिस्टरला लिही, मिस्त्रीनं जुन्या ड्रॉइंगवर काम केलं. अंगठा आहे ना त्याचा? पुढच्या कामाला दुसरा बघू."

मिस्त्री दारातच उभे होते. हेल्मेट काखेत.

"नाही," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "मी त्यांना सांगितलं नव्हतं, सर. नुसतं पाठवलं होतं."

"पुढच्या आठवड्यात तुझा रिव्ह्यू आहे, माहितीये ना?"

"हो."

"सर, गाडी येऊ द्या," दारातून मिस्त्री म्हणाले. "कंपाउंडच्या पायाचे खड्डे तयार हायेत, त्यात ओततो. माल वाया नाय जायचा."

बोल्ट पुन्हा बसवायला दोन दिवस गेले. उशिराचं कारण मी माझ्या हातानं लिहिलं. खाली माझी सही.

आठ दिवसांनी पत्र आलं. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं होतं. ते मी जिन्यात उभं राहून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. घरी काय सांगायचं ते सुचेना. तेवढ्यात पंपाच्या पायाचं ड्रॉइंग येऊन पडलं. मी ते ग्रुपवर टाकलं, प्रिंट काढली आणि कागद घेऊन खाली गेले.

मिस्त्रींनी रंधा मारून फळी कोरी केली होती. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"लिहा ताई, तुमच्याच हातानं. आन वाचून दाखवा सगळ्यांना."

मी गुडघ्यावर बसून मापं लिहिली. उभी राहिले, पट्टा घट्ट केला आणि वाचू लागले. तिसऱ्या आकड्याला आवाज खाली आला.

"ऐकू नाय आलं!" खड्ड्यातून कोणीतरी ओरडलं.

मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं.