दार किती उघडावं

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील अंधश्रद्धाविरोधी संघटनेचे कार्यकर्ते. मला वाचता आलेला पहिला जोडाक्षर नसलेला मोठा शब्द 'निषेध' होता. आई मात्र मखमलाबादच्या आमच्या वावरातली शेवंती आणि झेंडू विकते, आणि ही फुलं लागतात देवांनाच. या विसंगतीवर आमच्याकडे जेवताना बऱ्याच सभा झाल्या. एकदाही ठराव झाला नाही.

गंगापूर रोडवरच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर, पॅसेजच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून आई हार ओवत बसते. वरची सगळी ऑफिसं सकाळचा हार तिच्याकडूनच नेतात. मागच्या वर्षी तिच्या शेजारच्या गाळ्यात फ्लॅटच्या बुकिंगचं ऑफिस आलं आणि त्याला पॅसेजमध्ये उघडणारं जाड काचेचं दार बसलं. ते दार थेट भिंतीपर्यंत जायचं. भिंत आणि दार यांच्या मध्ये आई. दाराचा लांब स्टीलचा दांडा बरोबर बसलेल्या बाईच्या खांद्यावर यायचा.

आतून येणारा माणूस फोनवर बोलत, स्वप्नातल्या बाल्कनीत उभा असल्यासारखा दार ढकलायचा. आईचा उजवा खांदा महिनाभरात इतका धरला की सुई वर नेताना ती ओठ चावायची. कोणी थांबून बघितलंच, तर आधी दाराची काच बघायचं.

मी त्या बुकिंग ऑफिसच्या शेठकडे गेले. जमिनीवर एक स्टॉपर लावा, दार काटकोनात थांबेल, एवढंच म्हणाले. शेठने मला पाणी दिलं आणि वास्तुशास्त्र सांगितलं. मुख्य दार पूर्ण उघडलं पाहिजे, लक्ष्मीच्या वाटेत अडसर नको. मी विचारलं, लक्ष्मी एवढी जाड आहे का, की तिला काटकोन पुरत नाही? त्यावर पाणी संपलं.

"मावशींना म्हणावं, जरा सरकून बसा," शेठ म्हणाला. "दार कसं सरकणार?"

सरकायला जागा नव्हती. पुढे जिना, मागे भिंत. मी पत्रक लिहिलं, प्रत्येक मजल्यावर चिकटवलं. शेवटी कॉम्प्लेक्सच्या सेक्रेटरीने वैतागून सुतार बोलावला आणि पॅसेजच्या फरशीवर स्टॉपर ठोकून घेतला. अर्धगोल, स्टीलचा, चकचकीत, एका बाजूला रबराची पट्टी, लिंबाच्या फोडीएवढा. शेठने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की सोमवारी तो उखडणार.

सोमवार श्रावणातला निघाला. आईच्या पाटीतून एक पांढरं फूल घरंगळून त्या गोळ्याला टेकलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासला मुलाला सोडायला आलेल्या बाईने ते बघितलं, चप्पल काढली आणि वाकून हात जोडले. तिच्या मागून आलेल्याने बेलाचं पान ठेवलं. दुपारपर्यंत गोळ्याला कुंकू लागलं होतं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलेला शिपाई नमस्कार करून परत गेला.

माझं डोकं फिरलं. रबराची पट्टी असलेला देव कुठल्या पुराणात आहे? मी आईला म्हणाले, तू लोकांना सांगत का नाहीस?

"दार थांबतंय ना?" आई म्हणाली. "थांबू दे."

"खोट्यावर थांबतंय."

"खरं लय दिवस सांगितलं तू. खांदा माझाच दुखत व्हता."

मी आणखी चिडले. पुढचे काही आठवडे आई निवांत ओवत होती आणि मी तिच्याशी मोजकं बोलत होते. त्या कुंकवाकडे बघवायचं नाही.

मग शेठलाही भक्ती सुचली. देव असा पायात असणं बरं नाही, म्हणून त्याने नारळ फोडून स्टॉपर फरशीतून काढला आणि आत टेबलावरच्या देवघरात ठेवला. फरशीला दोन भोकं राहिली. त्याच दुपारी दार पुन्हा भिंतीपर्यंत गेलं, दांडा आईच्या खांद्यावर आदळला आणि सुई तिच्या बोटात घुसली. अर्धी ओवलेली पांढरी शेवंती लाल झाली. आतून बाहेर पडलेला माणूस सॉरी म्हणाला, फोनला.

मी हार्डवेअरच्या दुकानातून तसाच दुसरा स्टॉपर आणला आणि जुन्या भोकांत स्वतः बसवला. लाल ऑइल पेंटने त्याच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं: 'देव नाही. स्टॉपर.' यापेक्षा छोटं आणि यापेक्षा खरं पत्रक मी लिहिलेलं नाही. आता कुंकू लावून दाखवा म्हणावं.

आईने ते वाचलं. पाटी सरळ केली.

सकाळी शेठ आला. घाईत त्याचा बूट गोळ्यावर पडला. त्याने खाली बघितलं, लिहिलेलं दिसलं, अक्षराला पाय लागला म्हणून झटकन वाकला, गोळ्याला बोटं टेकवून कपाळाला लावली. मग वाचलं.

तो वाकलेलाच राहिला. माझ्याकडे बघितलं. मी बघत होतेच. मागे शिपाई उभा होता, त्याला काढ म्हणायला शेठने तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याला नुकताच नमस्कार केला ते सगळ्यांसमोर उखडायला कसं सांगणार.

त्याने दार उघडलं. ते काटकोनात ठक्कन थांबलं.

"बघ, वाकला," आई हळूच म्हणाली आणि हार पुढे ओवायला लागली. मला हवा होता तो विजय हा नव्हता. शेठ अक्षराला वाकला होता, अर्थाला नाही.