कलंडण्यासाठी केलेली होडी

आमच्या घराण्यात होडी ही बसायची वस्तू नव्हती, करायची वस्तू होती. आमच्या डिचोली तालुक्यात वाळवंटीच्या काठी त्रिपुरारी पौर्णिमेला नौका सोडतात. केळीच्या सोपटांच्या, थर्माकोलच्या, प्लायवूडच्या, दिवे लावलेल्या. माझे वडील दरवर्षी एक करायचे. दसरा झाला की पडवीत करवत, खळ आणि रंगीत कागद निघायचे, आणि आई तेवढ्या दिवसांपुरता नवऱ्यावरचा हक्क सोडून द्यायची. नौका कितीही देखणी झाली तरी वडिलांची परीक्षा एकच. मागीलदारच्या हौदात ती सोडायची आणि बोटाने एका अंगाला दाबायची. सरळ झाली तर बरं. कलंडली, तर गेली. हा शब्द आमच्याकडे इतका मुरला की गणितात नापास झालेला चुलतभाऊ 'कलंडला' आणि आत्याच्या दिराचं मोडलेलं लग्नही 'कलंडलं'.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढे मी जे केलं त्याचा थोडा दोष वंशाकडे जावा, सगळा माझ्याच अंगावर येऊ नये.

माझी मुलगी बी.कॉम. झाली आणि पावसाळ्यात म्हादईवर पर्यटकांना रबरी तराफ्यातून न्यायच्या कामाला लागली. मी पणजीला सरकारी कचेरीत. कोणी विचारलं तर 'पर्यटन क्षेत्रात आहे' असं सांगायचो, म्हणजे समोरच्याला हॉटेलचं मेज आणि खुर्ची दिसायची. एक दिवस तिने जुनी कायाक विकत आणली. कायाक म्हणजे एकट्याने बसायची बंद होडी. एरवी ती काकडीसारखी लांब असते. ही होती आखूड, भट्टीतून फुगून आलेल्या उंडा-पावासारखी, मधोमध कंबर जाईल एवढं भोक. ही कुठे जायची होडी नव्हेच. एका जागी राहून कसरती करायची. मुलगी होडीचं नाक पाण्यात खुपसून शेपटी आभाळाकडे करायची, गिरकी घ्यायची, पूर्ण उलटी होऊन पलीकडून वर यायची. होडी ठेवली होती माझ्या सासुरवाडीला, हळर्णला, कारण तिथली नदी घरापासून हाकेवर. माझा मेहुणा म्हणायचा, "भाची नदीला गुदगुल्या करायला आली."

गणपतीची चवथ आटोपली आणि तिने सांगितलं की ऋषिकेशला नोकरी मिळाली आहे, कायाक शिकवायची, पावसाळा सोडून. दसरा झाला की जाणार. बायको त्या वेळी नारळ खवत होती. ती खवतच राहिली.

"आणि होडी?" मी विचारलं. मुलीबद्दल विचारायचं होतं, पण तोंडातून होडी आली.

"मोरजीचा एकजण घेतोय."

"राहू दे की. मी चालवीन."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग पोटाकडे. आम्ही घरी कोकणीतच बोलतो. राज्यभाषेच्या वादात आणि घटकराज्याच्या मिरवणुकांत आमची पिढी मोठी झाली, आणि भांडायला कोकणी, लिहायला मराठी अशी वाटणी आमच्या घराने आपापसात करून टाकली. त्यामुळे मुलगी तेव्हा जे बोलली ते इथे थोडं सौम्य होऊन आलं असेल.

"बाबा, तू एकटा नदीत जाशील आणि मी तिकडे बसून काळजी करीन. नको. स्वतः उलटलास आणि स्वतः वर आलास, माझ्या डोळ्यांसमोर, तर होडी राहील. नाहीतर मोरजी."

पहिल्या रविवारी मी त्या भोकात उतरलो. कमरेभोवती एक रबरी घागरा घालायचा, त्याची कड भोकाच्या काठाला बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. घागऱ्याला पुढे एक पट्टा असतो. बुडालात आणि जमलं नाही तर तो ओढून बाहेर पडायचं. त्या दिवशी मी पट्टाच ओढला. हातात वल्हं घेतो न घेतो तोच होडी उलटली होती.

"अरुंद आहे गो," मी खोकत म्हटलं.

"अरुंद नाही. तू ताठ बसतोस."

पण वडिलांचं बोट माझ्या डोक्यात होतं. होडी कलंडते म्हणजे होडीत दोष. मी आठवडाभर कामाला लागलो. आधी बसायला मऊ वाटावं म्हणून सीटखाली फोम घातला. त्याने मी उंच झालो आणि काठ सोडायच्या आतच पडलो. मग सीटच्या मागे वाळूच्या पुरचुंड्या ठेवल्या. नौकेला तळाशी वजन लागतं हे आमचं पिढीजात ज्ञान. होडी जरा झुकली आणि सगळी वाळू त्याच बाजूला धावली, घरचा माणूस विरोधकांना मिळावा तशी. मग मात्र मी वडिलांचा वारस शोभेन असं काम केलं. पोफळीच्या दोन काठ्या आडव्या बांधल्या आणि दोन्ही टोकांना पाण्याचे जाड पाईप, तोंडं बंद करून. मेहुण्याच्या अंगणात उभी केली तेव्हा ती खेकड्यासारखी दिसत होती. पण बोटाने दाबली तर कलंडली नाही. मी स्वतः बसलो, डोललो, शिंकलोसुद्धा. नाही कलंडली.

मुलगी काठावर वाळूत बसून हसली. बराच वेळ हसली.

"बाबा, आता दिवे लाव आणि सोड."

"हस. पण पडतो का मी?"

"ही होडी कलंडायलाच केलेली आहे. कलंडली नाही तर ती काहीच करू शकत नाही. आणि होडी बदलून जमलं, तर दुसऱ्या होडीत तू परत शून्य."

माझ्या चेहऱ्यावर मान्य केल्याची खूण नसावी, कारण ती उठली. तिने मला उतरवलं, रिकामी होडी कमरेएवढ्या पाण्यात नेली आणि सगळा जोर लावून उलटी केली. होडी पोट वर करून पडली. मग म्हणाली, "आता सरळ कर." मी एका बाजूने उचलली, दुसऱ्या बाजूचा पाईप पाण्याखाली जाईना. दुसऱ्या बाजूने उचलली, हा जाईना. ज्या पाईपांनी मला पडू दिलं नसतं, त्यांनीच ती आता उलटी घट्ट धरून ठेवली होती.

"आत तू असतास," मुलगी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

काठ्या त्याच दिवशी सोडल्या. पाईप मेहुण्याने गोठ्याच्या पन्हाळीला लावले, त्याला बरं झालं.

त्यानंतर होडीला हात लावायची मला बंदी होती. जे काय करायचं ते माझ्या अंगाला. उलटं झाल्यावर पुढे वाकायचं, वल्हं होडीच्या कडेला आणायचं, पाण्यावरून लांब फिरवायचं आणि कमरेने झटका द्यायचा. होडी आधी सरळ होते, मग खांदा येतो, आणि डोकं सगळ्यांत शेवटी. इथेच माझं अडायचं. पाण्याखाली गेलेल्या माणसाला आधी डोकं वर काढावंसं वाटतं, आणि त्याने ते काढलं की बाकीचा सगळा परत खाली जातो. "डोकं शेवटी, बाबा," हे मी इतक्यांदा ऐकलं की कचेरीत साहेब आत आले तरी मी उभा राहताना आधी कंबर उचलायचो.

घरी सराव जमिनीवर. चटईवर कुशीला पडून कमरेने झटके द्यायचे. शेजारीण जनेलातून डोकावून बायकोला म्हणाली, "वैद्याकडे नेलं नाही?"

"वैद्य घरीच आहे," बायको म्हणाली. "आमची मुलगी."

नदीत मात्र मुलगी माझे हात धरायची. ती पाण्यात उभी, मी होडीत, आणि मी तिच्या बाजूला कलंडायचो, अर्धं तोंड पाण्यात जाईपर्यंत. तिचे तळवे माझ्या तळव्यांखाली. "माझ्या हातांवर जोर देऊ नकोस. नुसते ठेव. कमरेनं ये." मी जोर द्यायचो. ती हात थोडे खाली न्यायची. मी आणखी जोर द्यायचो. एका कानात पाण्याची गुणगुण आणि दुसऱ्या कानात तिचा आवाज, असा मी किती रविवार तिच्या हातांवर कलंडत होतो. लहानपणी डिचोलीच्या बाजारात रस्ता ओलांडताना ती माझं बोट अशीच सगळं वजन टाकून धरायची. ते तिला सांगावंसं वाटलं, पण तोंड निम्मं पाण्यात होतं.

नदीचा लाल रंग उतरून पाणी हिरवट होत चाललं. ती जायच्या आधीचा शेवटचा रविवार आला. बायको नेहमीसारखी खडकावर छत्री उघडून बसली होती. मी सकाळपासून पडत होतो आणि पट्टा ओढून बाहेर येत होतो. मोरजीचा माणूस संध्याकाळी होडी बघायला येणार होता.

दुपारी मेहुणा शहाळी घेऊन आला आणि त्याने वरून मुलीला हाक मारली. ती काठाकडे वळली. मी जरा पुढे सरकायला वल्हं मारलं, ते चुकीच्या कोनात गेलं, आणि मी उलटलो. ठरवून नव्हे. तयारी नव्हती, 'आता' असं कोणी म्हटलं नव्हतं, घाबरायलाही वेळ मिळाला नाही. हाताने जे करायचं ते केलं, कमरेने जे करायचं ते, आणि पाणी नाकातोंडावरून निथळत असताना माझ्या लक्षात आलं की मला आभाळ दिसतंय.

"आलो," मी म्हटलं. "वर आलो."

मुलगी वळली. "कधी?"

"आत्ता."

तिने माझे ओले केस पाहिले. ते तर सकाळपासूनच ओले होते. "परत ये. मी बघते."

परत गेलो आणि आलो नाही. डोकं आधी. आणखी एकदा गेलो, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा मी पट्टा ओढला आणि काठावर वाळूत बसून राहिलो. मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या तोंडावर 'मोरजी' दिसत होतं, आणि ते कसं सांगावं तेही तिला समजत नव्हतं.

"मघाशी आले होते ते वर," खडकावरून बायको म्हणाली. "मी पाहिलं."

"नक्की, आई?"

"मी काय खोटं बोलते?"

"डोकं?"

"शेवटी. आधी होडी, मग खांदा, मग डोकं. तूच तर सांगत असतेस."

मुलगी आईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग उठली आणि काठावरच्या पिशवीतून फोन काढून मोरजीच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. होडी तिने स्वतः धुतली, घागरा उन्हात पसरला आणि मला म्हणाली, "एकटा जायचं नाहीस. आई काठावर असेल तरच."

"बरं."

परतताना मुलगी मोटारसायकलवर पुढे होती, आम्ही दोघं स्कूटरवर मागे. पेडण्याची चढण लागली तेव्हा मी विचारलं, "काय गो, बरोबर आलो का मी? खांदा नीट आला?"

"मला काय माहीत."

"पाहिलंस ना?"

"तुम्ही पाण्याखाली गेलात की मी डोळे मिटते. महिनाभर मिटतेय."

मी स्कूटर जरा हळू केली. "मग सांगितलंस कशाला?"

तिच्या हातातली छत्री माझ्या पाठीला टोचत होती. पुढे वळणावर मुलीने मान वळवून आम्ही येतोय ना ते पाहिलं आणि पुन्हा वेग घेतला.

"होडी विकली असती तर पुढच्या पावसात ती कशाला आली असती?" बायको म्हणाली. "आपल्याला बघायला दोन दिवस येईल. होडी असली तर महिनाभर राहील."

"आणि मला नसेलच जमलेलं तर?"

"तुम्ही म्हणालात ना जमलं. मग जमलंच असेल." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या रविवारी परत करून दाखवा. मी डोळे उघडे ठेवीन. जमेल तेवढे."