बोलिव्हियाची रजा

सुभेदारकाका साबण आणायला गेले तरी परतायची वेळ सांगून जात. "सव्वापाचला हजर," म्हणत, आणि सव्वापाचला दारात असत. ऐकायला कुणी नसलं तर कुलपाला सांगत. साताऱ्यात त्यांची खोली आमच्या घराला लागूनच होती. खिडकीतून मी हे पाहिलं होतं.

मी तेव्हा पाचगणीची इंग्रजी शाळा संपवून घरी आले होते. माझ्या अडखळत्या मराठीला गल्लीतल्या मुली हसत, म्हणून मी बोलतच नसे. एका सकाळी काका दाराशी आले.

"पोरी, तुझ्याकडं जगाचा मोठा नकाशा हाय म्हणं."

मी शाळेचा ॲटलास आणला.

"समुद्र न्हाई आन् गावं लय उंचावर, असा मुलूख कुठला?"

मी हिमालयाकडे बोट नेलं.

"तिथं फौजेत नोकरी केली. रजेवर जायाचं तर नोकरीच्या जागी कशाला?"

मी पानं उलटत दक्षिण अमेरिकेपर्यंत गेले. बोलिव्हियावर त्यांचं बोट थांबलं.

चौदा दिवसांचा बेत आखायला आम्हाला सबंध उन्हाळा लागला. मी नावं वाचायची, त्यांनी वहीत उतरवायची: ला पाझ, ओरुरो, पोटोसी, सुक्रे. पोचायची वेळ, निघायची वेळ. पोटोसी फार उंचावर, म्हणून तिथे पहिला दिवस नुसतं बसून राहायचं. "दम उसना मिळत न्हाई," ते म्हणत. कोपऱ्यावर खाणावळ चालवणाऱ्या गोदाक्का त्यांना रोज छेडत, "आवं सुभेदार, उद्या जेवाया हाय न्हवं, का बोलिव्हियाला?"

"उद्या हाय. परवाचं मंजुरीवर," काका गंभीरपणे सांगत.

ला पाझजवळ नकाशात एक मोठं निळं तळं होतं. काकांचा रस्ता मात्र त्याच्याकडे पाठ करून निघे. मी विचारलं, "तळं नाही बघायचं?"

"न्हाई." ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. "मेढ्याच्या पल्याड आमचं गाव हुतं. बायकू गेली, दुसऱ्या साली धरणाचं पानी चढलं. मी सीमेवर. रजा घिऊन आलो तर घराच्या जागी तळं. हजर झालो, पर कुणापुढं हुयाचं?"

बेत पुरा झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. रजेचा अर्ज, सगळ्या मार्गासकट. खाली 'मंजूर', आणि सहीची जागा मोकळी.

"मी कशी सही करणार?"

"पासपोर्ट-बिसपोर्ट मागनं बघू. रजा म्हंजी काय, पोरी? आपुन परत येनार, हे कुनाला तरी ठावं असनं. न्हाईतर ते नुसतं निघून जानं."

सही करायची म्हणजे त्यांची वाट पाहायचं कबूल करायचं. इतकं जवळ मी कुणालाच येऊ देत नव्हते. मी ॲटलास मिटला. काकांनी कागद घडी करून खिशात घातला. "घाई न्हाई," म्हणाले.

दिवाळीनंतर वडिलांची सांगलीला बदली झाली. तिथे एकदा मी दुपारभर कृष्णेच्या घाटावर एकटी बसून आले. मी बाहेर गेले होते हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याच दिवशी मी काकांना लिहिलं, अर्ज पाठवा.

अर्ज आला. मी सही करून परत पाठवला. पंधरा-वीस दिवसांनी कार्ड आलं: "रजेवरून हजर झालो. तब्येत ठीक. पोटोसीत दम लागला." त्यांनी पासपोर्ट काढलाच नव्हता, हे मला माहीत होतं. ते चौदा दिवस कुठे काढले, मी विचारलं नाही. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

तिसऱ्या वर्षीच्या अर्जात मार्ग बदललेला होता. पहिला मुक्काम: तळं. दोन दिवस. मी मंजूर केलं.

महिना गेला, कार्ड आलं नाही. मग गोदाक्कांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. सुभेदार मेढ्याच्या गाडीत बसून गेले होते. तिथून पुढे, धरणाच्या पाण्याकाठच्या एका घरी, झोपेतच वारले. निघताना खाणावळीत सांगून गेले होते, चौदा दिवसांनी हजर.

मुदत उलटली की फौजेत नावापुढे 'गैरहजर' लिहितात, असं काकांनीच मला सांगितलं होतं. मी अजून लिहिलेलं नाही.