आबांच्या बिल्ल्यांचा रंग

रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई.

आज दुपारी भंगारचा टेम्पो येनार हाय. माझ्या बापाची पेटी भट्टीत जानार हाय.

आन आजच आबांना जाऊन वर्ष झालं.

माझं शिक्षान चौथीपतूर. हे मोबाईलमधी बोलून टाईप करायलेय. चुकलं माकलं समजून घ्या.

आबा परळीला भंगारच्या दुकानात काट्यावर व्हते. सारी जिनगी लोखंड, पितळ तोलन्यात गेली.
पन पोत्यात जुना बिल्ला निघाला की शेठला सांगून बाजूला काढायचे. घरी आनून पेटीत ठिवायचे.

ब्राँझचे बिल्ले. कोन्या कारखान्याच्या पहिल्या गळीत हंगामाचा. कोन्या राजाला गादीवर पंचवीस वर्ष झाल्याचा, त्याच्यावर उर्दू अक्षरं. एक लढाईवरनं आलेल्या शिपायाचा, कडंवर बारीक नाव कोरलेलं.
एक मोठी पाटी बी हाय. गावच्या विहिरीला ज्यांनी जागा दिली, त्यांची नावं.

दुकानातले गडी हसायचे.
"काय बे, लोनचं घालतू का ह्याचं?"
आबा म्हनायचे, "लोनचं संपतं बे. ह्याच्यावर मानसाचं नाव हाय. नाव वितळवायचं नसतं."

मला अक्षर वाचता येतं ते त्या बिल्ल्यांमुळं. आबा बिल्ल्यावर कागद धरायचे, मी पेन्सिल घासायची. नाव हळूहळू वर यायचं. लई मज्या वाटायची.

आबांनी ते कधीच घासले न्हाईत. जुन्या धोतराच्या तुकड्यानं कोरडंच पुसायचे.
सगळे काकवीच्या रंगाचे झालते.

मी एकदा म्हनले, "आबा, चिंच लावते, चकचकीत व्हतेल."
"नको गं बाई. हातात घे, खेळ, पन घासू नको. त्यो मळ न्हाई. ज्यांनी ज्यांनी हातात धरलं, त्यांच्या हाताचा रंग हाय त्यो."

मला हे म्हाईत व्हतं. तरी माझ्या हातनं झालं.

शेवटचे तीन महिने आबा माझ्याकडं तेलगावला व्हते. दवाखान्यात न्यायला-आनायला मी व्हते. येताना संगट कपड्याची पिशवी आन ती पेटी, दुसरं काय न्हाई.

आबा गेले. दहाव्याला सुतक फिटतं. आमच्यात त्या दिवशी घरातलं एकूनएक भांडं घासून काढतेत.
चुलती म्हनली, "पेटीतलं बी घे गं घासून. मेलेल्या मानसाचा हात लागलाय त्याला."

माझं डोकं ठिकानावर न्हवतं. रडत व्हते आन घासत व्हते. चिंच, मीठ, राख.
सगळे घासले. पाटी बी.

परातीत घालून उन्हात ठिवले. लई चमकायलते. मला वाटलं, आबांचं कायतरी चांगलं केलं.

माझा भाऊ दत्ता नदीवरनं आला. डोक्याचे केस काढलेले, अंग वलं. परातीपाशी येऊन थांबला.

"आक्का, हे काय केलंस?"
"घासले की रे. बघ, सोन्यावानी दिसायलेत."

त्यानं एक बिल्ला उचलला. उलटा केला, सुलटा केला. परत ठिवला.

"आबा दहा दिसामागं गेले न्हाईत," म्हनला. "आज गेले. तुझ्या हातानं."

जेवला बी न्हाई. तसाच टोळीवर गेला, कर्नाटकात ऊस तोडायला.
तवापासनं माझा फोन उचलत न्हाई. राखी पाठवली, ती वापस आली.

काल शेठचा फोन आला.
"ताई, दत्ता म्हनतोय आबाचा हात पुसला, आता त्या पेटीत नुसतं भंगार हाय, भट्टीत घाला. उद्या दुपारी टेम्पो येतोय. पेटी दारात काढून ठीव."
मी म्हनले, "शेठ, थांबा की जरा. आबांनी तुमच्या काट्यावर जिनगी काढली."
"मला बी बरं वाटत न्हाई, ताई. पन पेटी पोराची हाय. त्यो न्हाई म्हनला तर मी बोट लावत न्हाई. त्याला बोलायला सांग."

कसं सांगू? त्यानं मला ब्लॉक केलंय.

मला लई भ्या वाटायलंय. ब्राँझ गेल्याचं न्हाई.
पेटी गेली की दत्ताला ह्या दारात यायला कारनच उरनार न्हाई. आईबाप गेले. मला त्यो एकटाच हाय.

काल फोन ठिवल्यावर पेटी उघडली. शेवटचं बघून घ्यावं म्हनून.

माझी ईश्वरी तीन वर्षाची हाय. त्यातला कारखान्याचा बिल्ला ती रोज घेऊन बसती. जेवताना बी हातात. मी किती येळा हिसकून घेतला, रागावले.

त्या बिल्ल्यावर तीन बोटं उमटलीत.
बारकी बारकी. तिच्या बोटायेवढीच.
काकवीच्या रंगाची.

मी वल्या फडक्यानं पुसून बघितलं. जात न्हाईत.

आबा, रंग परत चढायलाय. तुमची नात चढवायलीय.
फुलं तुमाला सांजच्याला वाहीन. आधी तुमच्या पोराला हाक मारू द्या.

परळीवाले, तेलगाववाले, टोळीतले, जे कोन हे वाचायलेत त्यांच्या पाया पडते. दत्ताचा नंबर तुमच्याकडं असंल. दुपारच्या आत त्याला फोन लावा. तुमचा उचलंल त्यो.

माफ कर म्हनू नका. ते मी त्याच्या तोंडावर म्हनीन.
नुसतं तीन बोटाचं सांगा.

आन म्हनावं, आक्कानं पेटी दारात ठिवली न्हाई. पेटीवर बसून हाय.

लावा फोन.