काकू आणि बर्फातला साटा

बर्फाला घाबरावं कसं, हे उभ्या इंग्लंडात आमच्या घरमालकीण काकूंइतकं कुणालाच कळलेलं नाही. राहायच्या स्लाऊला, जिथे चढ म्हणावा तर स्टेशनचा जिना. पण जन्मभर हॉस्पिटलात लोकांना भूल देऊन रिटायर झाल्यावर स्कॉटलंडच्या डोंगरांनी त्यांनाच भूल घातली. मग काय, डायल-अपवर हिमस्खलनाचा अंदाज उघडेपर्यंत घरचा फोन बंद. गाडीच्या डिकीत बारा महिने फावडं. सुपरमार्केटच्या कार पार्कातही आम्ही अंतर ठेवून, एकेकट्याने चालायचं. "सगळे एकदम गाडले गेलो तर खणणार कोण?"

मी नववीत शाळा सोडलेला, केटररकडे मिठाई करणारा. या परक्या मुलखात त्यांनी वरची खोली दिली, म्हणून त्यांना 'नको' म्हणायला माझी जीभ रेटत नसे. त्यापायीच एका फेब्रुवारीत, दोन दिवसांचं वादळ सरल्यावर, मी त्यांच्यामागे डोंगर चढत होतो. हे शिखर त्यांना तीनदा हुकलं होतं. उतारावर त्यांनी फावड्याने खड्डा खणला, पण चष्म्यावर बर्फ गोठलेलं. "बघ रे, लेयर्स नीट धरून आहेत ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी वाकून पाहिलं, थरात बोट घातलं. "काकू, मधे साटा आहे."

"काय आहे?"

"चिरोट्याचा साटा हो! पोळ्यांमध्ये तूप-कॉर्नफ्लॉवर फासतो ना, पदर सुटावेत म्हणून? तसा भुसभुशीत थर आहे. वरचा पदर सुटणार. मला... मला नाही जायचं पुढे."

काकूंनी खड्ड्याच्या कडेवर फावडं थोपटलं. वरची अख्खी वडी अलगद सुटून त्यांच्या बुटांवर आली. त्या शिखराकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे, यायचं नव्हतं तर इतका वेळ गप्प का होतास? फीर मागे." दुपारी गाडीपाशी चहा पिताना ढग उघडले. आमच्या उतारावर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ होती, आणि तिच्याखालचं सगळं बर्फ दरीत. काकूंनी माझ्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.

पुढे मी ब्रिस्टलला आलो. वादळ झालं की त्यांचा फोन यायचा, "काय रे, आज साटा?" यंदा आला नाही, म्हणून चिरोटे घेऊन मीच गेलो. गुडघ्यांनी त्यांना खुर्चीत बसवलंय. फावडं छत्र्यांच्या स्टँडमध्ये. त्यांनी चिरोट्यावर चमचा थोपटला, पदर सुटला. "ते शिखर चौथ्यांदाही राहिलंच बघ," म्हणाल्या, आणि मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवला.